आप्पांचा सूर्य

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जेवून उठताना खुर्ची मागं ओढतात. उचलत नाहीत, ओढतात. समोरच्या वहिनी फोनवर बोलताना दर वाक्यानंतर ‘कळलं काय’ म्हणतात आणि समोरच्याला कळलं तरी पुन्हा म्हणतात. आणि आमच्या घरातले साहेब, ज्यांच्याबरोबर मी निम्म्याहून जास्त आयुष्य काढलं, ते चहाचा शेवटचा घोट असा ओढतात की वाटतं, कपाचा रंग बी आता पोटात जाणार. या सगळ्यांवर मी डाफरते. माझी मुलगी म्हणते, ‘‘आई, तुला माणसांच्या सवयींचा इतका राग का येतो गं?’’ मी तिला काहीतरी उत्तर देते. खरं असं आहे की मला राग येत नाही, मी दचकते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि रागावलेल्या बाईला थोडा तरी मान असतो, म्हणून मी इतकी वर्षं रागावलेली आहे असंच चालवून घेतलंय. माणसाची खोड म्हणजे नक्की कुणाची, त्या माणसाची की आणखी कुणाची, हा प्रश्न मला माहेरी, शाहूपुरीतल्या घरात पडला, तेव्हा मी नुकती कॉलेजात जायला लागले होते.

आमचं गुळाचं दुकान होतं. रस्त्याच्या बाजूला दुकान, त्याच्या मागं लांबलचक वखार आणि वर आम्ही. वखारीतल्या गुळाचा वास जिन्यानं वर येऊन अंथरुणात, वह्यांत, केसांत बसलेला असायचा. वर्गातल्या मुली म्हणायच्या, सुमतीजवळ बसलं की भूक लागते. मला स्वतःला तो वास येतच नसे. पावसाळा सरला की मुंग्या, माश्या आणि गांधीलमाश्या आमच्याच घरच्यासारख्या वावरायच्या आणि आई त्यांना नावं ठेवत, पदरानं हाकलत स्वयंपाक करायची. घरात माणसं पाच. आई, अण्णा म्हणजे माझे वडील, अण्णांची थोरली बहीण अक्का, अण्णांचा धाकटा भाऊ आप्पा आणि मी. अक्का शिरोळकडं दिलेली, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. दोन्ही भावांना ती ‘तम्मा’ म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ, तिकडच्या कानडी वळणानं, आणि कुठल्या भावाला हाक मारली ते आवाजावरून ओळखायचं. आप्पांनी लग्न केलं नव्हतं. त्यांना विचारलं की ‘व्हय की, करूया की’ म्हणायचे. ‘व्हय की’ हे त्यांचं जगातल्या सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर होतं.

खोडी सगळ्यांनाच होत्या. आई समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्यातला शेवटचा शब्द आपण म्हणून टाकायची. अक्का दुसऱ्याच्या ताटात बघत जेवायची. मी कंपासपेटीचं झाकण उघडझाप करायची, असं म्हणतात. मला आठवत नाही, आणि अशा गोष्टी ज्याच्या त्याला कधीच आठवत नाहीत हेच मला पुढं सांगायचंय. अण्णांची मान आखडलेली. पोती वाहायच्या वयात कधी तरी शीर धरली होती, तेव्हापासून डावीकडं मान वळत नसे. हाक मारली की ते आख्खे वळायचे, वखारीचं दार वळावं तसे, आणि वळून झाल्यावर वर ‘कोण?’ विचारायचे.

पण या सगळ्यांच्या वर आप्पा. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, कशी जमलीय ते आप्पा ठोकून ओळखायचे. मधल्या बोटाचं पेर रव्यावर तीनदा मारायचं, मान डावीकडं कलती करून कान द्यायचा, एक डोळा मिटायचा आणि घशातल्या घशात ‘हूं’ करायचं. तेवढ्यावरून सांगायचे, हा टिकणार, हा पावसाळ्यात पाणी सोडणार. हे धंद्याचं झालं. पण ते बोट धंद्यापुरतं थांबेना. आप्पा दार ठोकायचे, पितळी डबे ठोकायचे, नवीन आणलेला टीव्ही ठोकायचे, पाहुण्यांची खुर्ची पाहुणे बसलेले असताना ठोकायचे. दहावीला मला गणितात कसेबसे पास होण्यापुरते मार्क मिळाले तेव्हा त्यांनी माझं डोकं ठोकलं, कान दिला आणि म्हणाले, ‘‘आतनं ओलं हाय अजून.’’ सगळे हसले. मी दोन दिवस बोलले नाही. अण्णांना तर त्या टकटकीचा इतका संताप यायचा की कानावर उशी दाबून ओरडायचे, ‘‘आरं बाबा, घर हाय का गुळाच्या सौद्याचा कट्टा? मरशील तवा चितेची लाकडं बी ठोकून बघशील!’’ आप्पा म्हणायचे, ‘‘व्हय की.’’

आणि एक होतं. आमच्यात, जैनांत, दिवस मावळायच्या आत जेवायचं, अंधारात तोंडात घास घालायचा नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांची आंधळी भिंत, त्यामुळं आत बसून दिवस किती उरला ते कळायचं नाही. वखारीला मात्र मागं पश्चिमेची खिडकी. म्हणून सूर्याचं खातं आप्पांकडं. जळमटं काढायची बांबूची काठी, तिच्या टोकाला बारदानाचं फडकं गुंडाळलेलं; दिवस कलला की आप्पा खालून त्या काठीनं तक्तपोशीला, वखारीच्या लाकडी छताला, तीन ठोके द्यायचे. धब्, धब्, धब्. आमच्या बुडाखालची फरशी हलायची. ठोके पडले की अक्काचा हात ताटातून बाहेर, मग पुढ्यात तूप-गुळाची भाकरी का असेना. घोळ असा की आप्पा स्वभावानं भित्रे. पाप लागायला नको म्हणून ते ठोके बरेच आधी द्यायचे. मी कितीदा गच्चीवर पळत जाऊन बघितलंय, सूर्य चांगला नारळाच्या झाडाएवढा वर लटकलेला असायचा आणि खाली आमच्या घरात रात्र झालेली असायची. मी येऊन तणतणायची. अक्का चूळ भरून म्हणायची, ‘‘तुझा असंल वर. माझ्या तम्माचा मावळला.’’

आप्पा भादव्यात गेले, भर दुपारी, वखारीत. मागच्या हंगामातले थोडे रवे भिंतीला लावून ठेवलेले, त्यांना टेकून बसले होते, मान डावीकडं कललेली, बोट रव्यावर. हमाल दोनदा त्यांच्या पुढ्यातून गेले. त्यांना वाटलं, आप्पा गूळ ऐकायलेत.

त्यानंतरचे काही आठवडे घर इतकं शांत झालं की मला माझ्याच गिळण्याचा आवाज यायला लागला. सांगायला बरं वाटत नाही, पण आम्ही निवांत जेवायला लागलो. अक्का रडत होती, पण दोन भाकरी खात होती. अण्णा पाचच्या सुमाराला सगळ्यांच्या आधी चार घास पोटात ढकलून दुकान बघायला खाली जायचे, ते नेहमीचंच. आम्ही तिघी मागून बसायचो. दिवाळी झाली, गुऱ्हाळं पेटली, नवा गूळ यायला लागला. हमाल संध्याकाळी थप्प्या लावून घरी जायचे आणि खाली वखारीत कुणी नसायचं.

अशाच एका संध्याकाळी पावट्याची उसळ होती. आई मला वाढत होती आणि खालून आवाज आला. धब्, धब्, धब्. आईच्या हातातली पळी तशीच हवेत राहिली, तिच्यावरून रस्सा ताटाबाहेर ठिबकत राहिला. माझ्या मांडीखालची फरशी हलली होती, हे मी अजून शपथेवर सांगेन. अक्कानं तोंडातला घास गिळला, हात ताटाबाहेर घेतला आणि जागेवरच धुतला. थोड्या वेळानं अण्णा वर आले. आईनं विचारलं, ‘‘वखारीत कोण हाय?’’ ‘‘कोण असणार? मी गादीवर बसलोय पुढं.’’ ‘‘काय वाजलं बिजलं?’’ ‘‘काय बी न्हाय. का गं?’’ आई म्हणाली, उंदीर असंल.

दुसऱ्या दिवशी उंदरानं पुन्हा तीनच ठोके दिले. तिसऱ्या दिवशीही. आणि दिवसागणिक तो आवाज अलीकडं सरकायला लागला. आधी अक्काची दुसरी भाकरी अर्धी राहायची, मग पहिलीच अर्धी राहायला लागली. मग एक दिवस ती ताटावर बसली, मीठ वाढलं आणि ठोके पडले. तिनं ताटाला नमस्कार केला आणि उठली. आम्ही ताट लवकर वाढायला लागलो, तर ठोके त्याहून लवकर. मी गच्चीवर जाऊन बघितलं, रंकाळा तळ्याच्या अंगाला सूर्य ढळढळीत होता. तिला येऊन ओरडून सांगितलं, ओढत वर न्यायला गेले. तिचा दंड माझ्या मुठीत पूर्ण मावला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की अक्का किती उतरलीय. सकाळीही ती दोन घास खाऊन बसायची, लक्ष सगळं फरशीकडं.

मग एका दुपारी निवडता निवडता ती आईला म्हणाली, अगदी बाजारहाट सांगावी तसं, ‘‘मला बस्तीत महाराजांकडं घिऊन चला. तम्मा बोलवायलाय. सांगायलाय, अक्का, बास झालं आता.’’ आईच्या हातातलं सूप खाली पडलं. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर, आणि आमच्यात सल्लेखना मोठी मानाची. देह पुरता थकला की अन्नपाणी एकेक सोडत शांतपणे निरोप घ्यायचा. पण ते व्रत उठता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं. आणि अक्का पन्नाशीतली, परवापर्यंत भरली घागर काखेत घेऊन जिना चढणारी. आई म्हणाली, ‘‘वन्सं, महाराज हसतील. धडधाकट बाईला कोण परवानगी देतंय?’’ अक्का म्हणाली, ‘‘धडधाकट कुठं राहिलेय. परवानगी तर मिळंल तवा मिळंल. घास तर आताच उतरंना झालाय.’’ आणि हसली. तिला कशाची भीती वाटत नव्हती, भीती आम्हालाच.

त्याच संध्याकाळी मी खाली गेले. धाडस म्हणून नव्हे. मी मुळात इतकी भित्री की न्हाणीघरात गाणं म्हणत जायची. पण वर बसून अक्काचं ताट उचललं जाताना बघायचं हे त्याहून वाईट होतं. दुकानात गादीवर अण्णा नव्हते. दिवा लावलेला, चष्मा घडी करून ठेवलेला. वखारीचं दार लोटलेलं. आत थप्प्या छताला टेकायला आल्या होत्या, आणि हमालांनी मागच्या खिडकीपुढंही रवे रचत नेले होते, वरची एक बारीक फट तेवढी उरलेली. बाहेर ऊन होतं आणि आत कातरवेळ.

थप्पीपुढं आप्पा उभे होते. पाठमोरे. मग सदरा ओळखला, तो अण्णांचा. अण्णा एकेक रवा ठोकत पुढं सरकत होते. तीन ठोके, मग मान डावीकडं. मान. कुत्रं भुंकलं तरी आख्खं अंग वळवणाऱ्या माझ्या वडिलांची मान लोण्यात सुरी जावी तशी डावीकडं कलत होती, कान खांद्याला टेकेपर्यंत, आणि घशातून ‘हूं’ येत होतं. खिडकीजवळ पोचल्यावर त्यांनी त्या फटीकडं बघितलं, हात मागं केला आणि न बघता कोपऱ्यातली काठी उचलली. धब्, धब्, धब्. वर माझ्या अक्कानं हात धुतला असणार. काठी पुन्हा कोपऱ्यात. मग ते वळले, आख्खे, दारासारखे.

‘‘कोण? सुमे? कवा आलीस?’’

‘‘अण्णा, काठी का मारलीसा?’’

‘‘कुठली काठी?’’ त्यांनी स्वतःच्या हातांकडं बघितलं. ‘‘मी आत्ताच आलोय की इथं. काय खुळ्यागत बघायलीस? चल, दिवा लाव.’’ ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलताना अण्णा कान खाजवायचे. आणि बोलता बोलता मान वळवायला गेले ते मध्येच ‘आई गं’ करून थांबले. शीर पुन्हा धरली होती.

आईला सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं, एरवीसारखा माझा शेवटचा शब्द पळवला नाही. म्हणाली, ‘‘त्यांना सांगू नकोस. झोपेत चालत्या माणसाला मधनंच हाक मारली तर तो कुठं पडंल कुणास ठाऊक. वन्संना सांग.’’ अक्काला सांगितलं तर तिनं मान हलवली. ‘‘त्याला ती टकटक कानावर नको व्हती. त्यो कशाला करंल?’’ शेवटी मी म्हणाले, ‘‘मग खाली चल आणि आप्पाला माझ्यासमोर विचार, तुला खरंच बोलवायलाय का. व्हय म्हणाला तर मी स्वतः तुला बस्तीत नेईन.’’ हे मी कुठून बोलले देव जाणे. ती तयार झाली.

दुसऱ्या दिवशी एकेक पायरी बसत बसत अक्का जिना उतरली. आम्ही दाराआड थांबलो. अण्णांचं ठोकत येणं, ती मान, ते ‘हूं’. अक्काची बोटं माझ्या मनगटात रुतत गेली. त्यांनी काठी उचलली. एक ठोका पडला. दुसरा पडला. आणि अक्का माझा हात सोडून सरळ चालत गेली नि तिनं काठी धरली.

‘‘तम्मा,’’ ती म्हणाली. कुठल्या भावाला, ते त्या दिवशी आवाजावरून ओळखू येईना.

ते वळले नाहीत. तसेच, कललेल्या मानेनं, अगदी हळू म्हणाले, ‘‘अक्का, मावळला गं.’’

‘‘न्हाय मावळला. खिडकीला थप्पी लावून ठेवलीयास, आणि वर मला उपाशी मारायलास व्हय? हो बाजूला.’’ आणि जिला भाकरीचा तुकडा तोडवत नव्हता त्या बाईनं वरच्या रव्याला हात घातला. रवा हलला नाही, अक्काच हलली. मी धावले. अण्णाही मुकाट्यानं पुढं आले, आम्ही तिघांनी मिळून वरचे दोन रवे खाली ओढले. ऊन एकदम आत आलं. जमिनीवर, बारदानावर, आमच्या पायांवर. शेजारच्या कौलांच्या हातभर वर सूर्य होता.

‘‘बघ,’’ अक्का म्हणाली. ‘‘सूर्य हाय अजून.’’

अण्णा त्या उजेडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘व्हय की.’’

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी ‘व्हय की’ म्हटलं नव्हतं. भावाच्या त्या शब्दाची त्यांना शिसारी होती. ते ‘हां’ म्हणायचे. अक्काच्या डोळ्यातून पाणी आलं, पण तिनं काठी सोडली नाही. म्हणाली, ‘‘सुमे, माझं ताट खाली आण.’’

मी वर पळाले. आई ताट वाढून उभीच होती, तोंड पांढरंफटक. ‘‘आज बी वाजले,’’ ती म्हणाली. ‘‘तीन.’’

‘‘दोन, आई. तिसऱ्याच्या आत अक्कानं काठी धरली.’’

‘‘तीन, सुमे. मी इथं फरशीवर पाय ठिवून उभी हाय.’’

आई सवयीनं तिसरा स्वतःच धरून बसली असेल. दुसऱ्याचं शेवटचं आपणच पुरं करायची तिला खोडच होती. मी तेव्हापासून तसंच म्हणत आलेय. ताट घेऊन मी खाली गेले आणि अक्का बारदानावर बसून, पडलेल्या उन्हात, सव्वा भाकरी जेवली. अण्णा शेजारी उभे राहून खिडकीतून सूर्य बघत होते आणि मान आखडली म्हणून कुरकुरत होते.

पुढं खिडकीला कधी थप्पी लागली नाही. अक्का रोज ताट घेऊन वखारीच्या मागच्या दारात बसायची आणि स्वतःच्या डोळ्यांनी सूर्य बघत जेवायची. ती खूप वर्षं जगली, चांगली गोल झाली. कधी आतून टकटक सुरू झाली की ओरडायची, ‘‘तम्मा, थांब की जरा, घास हाय तोंडात!’’ आणि टकटक थांबायची. अण्णांना आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते शेवटच्या आजारात खाटेवर पडून म्हणायचे, ‘‘आप्पा देवमाणूस. पण ती त्याची ठोकायची खोड, ती काय मला कधी आवडली न्हाय.’’ आणि त्यांचं मधलं बोट खाटेच्या लाकडावर चाललेलं असायचं. आई नि मी एकमेकींकडं बघायचो नाही.

आता ते दुकान नाही. मी कळंब्याच्या बाजूला राहते, खिडकीतून तळं दिसतं आणि तळ्यापलीकडं सूर्य. एवढ्या वर्षांत मी माझ्या हातावर फार पहारा ठेवला. जेवताना डावा हात मांडीखाली दाबून बसते. साहेबांना वाटतं, संधिवात आहे. माझं बोट कधी कशावर वाजलं नाही. मी सुटले असं वाटत होतं.

मुलगी पुण्यात असते. अण्णा गेल्यावर झालेली, त्या घराचा उंबरासुद्धा न बघितलेली. माझ्या बोलण्याला हसते. ‘हाय, न्हाय’ केलं की म्हणते, आई, जरा नीट बोल. ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही, मुद्दामच. परवा संध्याकाळी ती व्हिडिओवर होती. फोन ओट्याला टेकवून ती आमटी गरम करत होती, मी इकडं ताट घेऊन बसले होते. ऑफिसातली कुणी एक मुलगी दिवसभर पेनचं बटण दाबत बसते, डोकं उठतं, असं ती मला रागारागानं सांगत होती. सांगता सांगता तिनं डब्याचं झाकण ठोकलं. तीनदा. मान डावीकडं कलली. एक डोळा मिटला.

माझा हात ताटातून बाहेर आला होता. मी आणला नव्हता.

‘‘काय गं? जेवत का नाहीस?’’

‘‘तू आत्ता काय केलंस?’’

‘‘कुठं काय? आमटी ढवळतेय.’’

मी खिडकीकडं बघितलं. तळ्याच्या वर हातभर ऊन शिल्लक होतं. अक्काचा दंड माझ्या मुठीत मावला होता ते आठवलं, आणि तोंडातून तिचंच वाक्य आलं. ‘‘सूर्य हाय अजून,’’ मी म्हणाले.

ती पातेल्यातच बघत होती. वर न बघता, अगदी हळू म्हणाली, ‘‘व्हय की.’’

मी हात पुन्हा ताटात घातला आणि घास उचलला.